शेवटच्या पायरीपर्यंत

“जयवंता, आरती नाही रे ऐकू येत. भांडण ऐकू येतंय.”

द्वारकाताई देवळाच्या शेवटच्या पायरीवरून बोलल्या. आम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पितळेची वाद्यं घेऊन घामाघूम उभे होतो. मध्ये अख्खा सभामंडप, त्यापुढे अंगण, मग दगडी पायऱ्या. ताईंनी आवाज चढवला नव्हता. शेजारणीशी बोलावं तशा त्या बोलल्या. तरी त्यांचं अक्षर न् अक्षर आमच्यापर्यंत आलं, आणि आम्ही छाती फोडून काढलेला आवाज मात्र म्हणे अंगणातच कुठंतरी विस्कटला होता.

“भांडण तर भांडण,” विलास ट्रम्पेटमधली थुंकी झटकत पुटपुटला, “पर जोरात हुतं का न्हाई, तेवढं सांगा म्हणावं.”

“जोरात होतं हो,” ताई तिथूनच म्हणाल्या.

विलासनं जीभ चावली. ईश्वरानाना आपल्या भल्यामोठ्या बास कर्ण्याच्या विळख्यात उभे होते. ते खो खो हसले. “बोल आता. कीर्तनकाराचा कान हाय त्यो. मनातलं बी ऐकत्यात.”

आज माझ्या हाताखाली चार गावची पोरं बँड शिकतात. पण मी स्वतः खरा शिकलो तो त्या चैत्रातल्या पंधरा दिवसांत, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी जन्मात कधी पिपाणीसुद्धा फुंकली नव्हती.

आमचं सोनघाट कृष्णेच्या या काठाला, देवकुळी गाव पलीकडच्या काठाला. दोन्हीकडं देवीची देवळं, या काठाला थोरली आई, त्या काठाला धाकटी. चैत्री पुनवेला धाकटी बहीण थोरलीकडं माहेरपणाला येते. नावेतून येते. पण अशी आपणहून यायची नाही. माहेरच्यांनी हाक मारली पाहिजे. ती हाक मारायचा मान आमच्या बँडचा. माझ्या आज्यानं पहिलं पितळ विकत आणलं तेव्हापासूनचा. घाटावर उभं राहून आम्ही आरतीची चाल धरायची, पलीकडं नावाड्याला ती ऐकू आली की त्यानं दोर सोडायचा आणि नावेवर भगवं निशाण चढवायचं. त्या वेळी ढोल-ताशा गप्प. आईला कातडं बडवून बोलवत नाहीत, श्वासानं बोलवतात, असं आज्या सांगायचा.

खाली बंधारा झाला आणि पाणी फुगून नदी रुंदावली. मग आम्ही हातगाडीवर लाऊडस्पीकरचे कर्णे चढवले, क्लॅरनेटसमोर माईक धरला. सोय झाली. पुढं हौसेनं आरतीची कॅसेटही काढली. तिथंच घोळ झाला. आदल्या साली पुनवेच्या सकाळी खालच्या आळीत एक लग्न होतं. मांडववाल्यानं मंगल म्हणून आमचीच कॅसेट लावली, मोठ्या आवाजात. पलीकडं पांडबा नावाडी तयारच बसलेला. त्यानं आवाज ओळखला, हात जोडले आणि नाव सोडली. धाकटी आई या काठाला आली तेव्हा घाटावर ना पालखी, ना दिवटी, ना बँड. आम्ही घरी गणवेशाला इस्त्री करत होतो. देवीचं स्वागत केलं धुणं धुणाऱ्या दोन बायांनी. बिचाऱ्यांनी ओल्या हातानंच ओवाळलं.

त्या वर्षी पांडबानं भर पंगतीत सांगून टाकलं, “कर्ण्यातनं आलेला आवाज कुणाचा बी आसतुया. पुढच्या साली मानसानं तोंडानं वाजिवलेलं ऐकू आलं, तरच दोर सुटंल.”

देवस्थानाचे चेअरमन भाऊसाहेब व्यवहारी माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं. “जयवंत, हे बघ, एक संधी देतोय. नाही पोचला आवाज, तर मी पांडबाला फोन लावणार. आणि फोनच लावायचा तर घाटावर बँड कशाला? पुढच्या वर्षीपासून मिरवणुकीला तालुक्याची बेंजो पार्टी सांगू. पोरांना तेच हवंय.”

आज्यानं मिळवलेला, बापानं सांभाळलेला मान माझ्या हातून जाणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही घाटावर जाऊन जीव खाऊन वाजवलं. विलासचा मेव्हणा ऐकायला पलीकडं गेला होता. परत आला आणि म्हणाला, “येतंय काय तरी. पर म्हस अडल्यागत वाटतंय.”

मग मला द्वारकाताई आठवल्या.

मी पहिल्यापासून कीर्तनवेडा. आईचं दूध आणि कीर्तन एकदमच सुरू झालं म्हणा. माझी आई, तानूबाई, देवळातलं एक कीर्तन चुकवायची नाही. बसायची मात्र बाहेर, शेवटच्या पायरीवर. आमच्या लोकांची जागा तेव्हा तीच होती. कुणी बसा म्हणून सांगितलेलं नव्हतं आणि कुणी आत या म्हणूनही बोलावलेलं नव्हतं. तिथून ऐकून ती घरी यायची आणि चुलीपुढं भाकरी थापता थापता अख्खं आख्यान मला सांगायची. ध्रुवाला सावत्र आई काय बोलली, मग ध्रुव काय बोलला, मध्ये ताईंनी कुठलं पद घेतलं, त्याची चालसुद्धा. एवढ्या लांबून हिला ऐकू तरी कसं येतं, याचं गल्लीला नवल. बाप म्हणायचा, “तानीचं कान न्हवं, मांजराचं हायत.” आई हसायची. तिला जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही आता आत बसत होतो, काळ बदलला होता. मंडपात माईकही आला होता, पण ताई उभ्या राहिल्या की पहिल्यांदा तो हातानं बाजूला करायच्या.

म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ताई ओटीवर वाती वळत बसल्या होत्या. साठी उलटलेली, बांधा काटकुळा. एवढ्याशा देहातून तो आवाज निघतो हे घरी पाहिलं की खरं वाटत नसे.

सगळं ऐकून म्हणाल्या, “अरे, पण मला तुमच्या पेटाऱ्यातलं काय कळतं? त्या बटणांना काय म्हणतात तेही मला ठाऊक नाही.”

“बटणं मला कळत्यात, ताई. आवाज लांब कसा जातो ते तुम्हाला कळतं.”

त्यांनी हातातली वात पुरी केली. “पलीकडं धाकटी आई वाट बघत बसणार,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आणि इकडून हाकच जाऊ नये? छे छे. उद्या दुपारी मंडपात या सगळे. गणवेश घालून या. सणाला जसे असाल तसे.”

तर असे आम्ही त्या पहिल्या दुपारी मंडपात उभे होतो. लाल कोट, सोनेरी झालर, आणि कमरेला वीतभर रुंदीचा पांढरा पट्टा, त्यावर वाघाचं तोंड असलेलं पितळी बक्कल. पट्टा जितका आवळलेला तितका गडी रुबाबदार, असा बँडचा शिरस्ता. आमच्यात तर चढाओढ असायची. ईश्वरानानांचा पट्टा आवळायला दोघं लागायचे.

ताई पायऱ्या चढून आत आल्या. आमच्यासमोरून एक फेरी मारली आणि नानांच्या पोटाकडं बोट दाखवलं.

“हे काय बांधलंय?”

“पट्टा हाय, ताई. पोलिसी.”

“श्वास कुठून घेता मग?”

नाना गोंधळले. “नाकातनं.”

“नाकातून घेता, पण ठेवता कुठं?” ताईंनी आपला पदर कमरेशी सैल करून दाखवला. “कीर्तनाला उभी राहते तेव्हा मी लुगडं इथं सैल सोडते. श्वास पोटात गेला पाहिजे, विहिरीत पोहरा जातो तसा, तळापर्यंत. तुम्ही विहिरीच्या तोंडालाच दोरी आवळलीय. काढा ते.”

“पट्टा काढायचा?” विलास म्हणाला. “ताई, मग बँड आणि भजनी मंडळात फरक काय राहिला?”

“भजनी मंडळ ऐकू तरी येतं.”

सगळे हसले. पट्टे निघाले. नानांनी पट्टा सोडला आणि असा काही सुस्कारा टाकला की ताईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. “हा बघा! इतक्या वेळात हाच एक मोकळा सूर आला.”

पहिले तीन दिवस आम्ही वाद्य हातात धरलं नाही. ताई आम्हाला आरती गायला लावायच्या. बँडची माणसं लाजून चूर. “आम्ही फुंकणारी मानसं, ताई, गाणारी न्हवं,” विलास कळवळायचा. ताई म्हणायच्या, “जे गळ्यात नाही ते पितळेत कुठून येईल? पितळ काय आपल्या पदरचं घालतंय?” मग त्या ‘आई’ एवढाच शब्द एका सुरावर धरायला लावायच्या. श्वास संपेपर्यंत. पहिला सूर उंच नको, मोठा नको, फक्त स्थिर हवा. कुणाचा हलला की झांजेची टिचकी.

चौथ्या दिवशी वाद्यं आली. आम्ही पुन्हा जोर केला. ताईंनी कानावर हात ठेवले नाहीत, पण चेहरा तसाच झाला.

“जयवंता, तू वाजवताना विलासचं ऐकतोस?”

“त्याचंच ऐकू येतं की. कानात शिरतोय न्हवं का.”

“आणि विलास, तू?”

“म्या कशाला ऐकू? म्या फुंकतोय.”

“प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून जायला बघतोय. म्हणून मग सगळे मिळून अंगणातच पडतात.” त्यांनी आम्हाला गोल उभं केलं. नानांना एक खालचा सूर धरायला सांगितला, हळू. “आता याच्या आवाजात आपला आवाज असा मिसळायचा की तो आपल्यालाच वेगळा ऐकू यायला नको. पिठात मीठ मिसळतो तसा. ऐकू आला की समजायचं, जास्त झाला.”

फार अवघड गेलं. आयुष्यभर आम्ही स्वतःला ऐकू यावं म्हणूनच वाजवत आलो होतो. पण पाचव्या की सहाव्या दुपारी एक गंमत झाली. आम्ही सगळे अगदी हळू वाजवत होतो आणि एकाएकी मंडपाचे खांब बोलल्यासारखे वाटले. टांगलेली घंटा आपसूक बारीक गुणगुणायला लागली. विलासनं तोंडातून ट्रम्पेट काढून वर बघितलं. “आयला... घंटा कुनी वाजिवली?”

“तुम्ही,” ताई म्हणाल्या. “जोर न करता.”

एक खोड मात्र जाता जात नव्हती. आरतीचं कडवं भरात आलं की आमच्या माना खाली जायच्या. माना गेल्या की वाद्यंही खाली, तोंडं फरशीकडं. ताई सांगायच्या, आम्ही वर करायचो, दोन ओळी झाल्या की पुन्हा खाली. शेवटी त्यांनी विचारलं, “काय रे बाबांनो, लग्नात वाजवताना तुम्ही बघता कुठं?”

मग नाना खाकरले. “नाचणाऱ्याच्या हाताकडं, ताई.”

“हातात काय असतं?”

“नोट आसती की. कुनी वर धरतंय, कुनी खाली आणतंय, कुनी दातात धरून वाकतंय. तिच्या मागं मागं आमचं कर्णं.”

ताई रागावतील असं वाटलं, पण त्या फार मायेनं म्हणाल्या, “पोटासाठी करता, त्यात वाईट काय? पण त्या हाताला ऐकवायची सवय लागली की आवाज हातभरच जातो. आम्हालाही हेच होतं. पुढं बसलेला पाहुणा मान डोलवायला लागला की कीर्तनकार त्याच्यासाठीच गायला लागतो. मागचा खांब राहतो उपाशी.”

“मग तुम्ही काय करता?” मी विचारलं.

“मी सगळ्यांना सांगतच नाही कीर्तन. एकीला सांगते. सगळ्यात लांब जी बसलीय तिला. तिला पोचलं की मधल्यांना पोचतंच.”

“कोण ती?”

“ते सांगायचं नसतं.” त्या उठल्या, झांज पिशवीत घातली. “तुम्हीही एकेक जण धरा. पलीकडच्या काठावरचं. त्याचं नाव मनात ठेवा आणि त्याला ऐकवा. नदीला ऐकवू नका. नदीला ऐकायला वेळ नाही, ती चाललीय.”

त्या गेल्यावर विलासनं सगळ्यांची चौकशी केली. “म्या तर सासूला धरलंय, देवकुळीचीच हाय. जन्मात माझं ऐकलं न्हाई, आता ऐकंल. नाना, तुम्ही कुनाला?”

“गप रं.” नाना लाजले. “देवकुळीत माझी शाळंतली एक...”

“आन जयवंतदादा?”

मी सांगितलं नाही. खरं तर पलीकडं माझं कुणी नव्हतं. कितीही आठवलं तरी लांब बसून माझं ऐकणारं एकच माणूस डोळ्यांपुढं यायचं, आणि ते तर आता या काठालाही नव्हतं, त्या काठालाही नव्हतं.

चैत्री पुनव उजाडली. सकाळचं ऊन, पण वारा पलीकडून आमच्याकडं वाहत होता. घाटावर पालखी, दिवट्या, बायकांच्या हातात आरत्या. गाव लोटलेलं. ताई बायकांच्या घोळक्यात मागं उभ्या होत्या. भाऊसाहेब पुढं, सोबत तालुक्याहून आलेले दोन पाहुणे. आम्ही कडक गणवेशात. आणि आता सांगायला हसू येतं, पण पट्टे सगळ्यांचे कमरेला, बक्कलातला वाघ चकाकतोय. गावापुढं पट्ट्याशिवाय यायला कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

ढोल थांबला. मी खूण केली. आरती सुरू झाली.

पहिल्या ओळीलाच कळलं की श्वास अर्ध्यातच अडतोय. त्यात एका पाहुण्यानं हौसेनं खिशातून नोट काढली आणि विलाससमोर नाचवली. विलासचा काय दोष? ट्रम्पेट त्या नोटेमागं गेलं, त्याच्यामागं दुसरं गेलं. विलास पुढं काढतोय म्हणून मी जोर लावला, मी जोर लावला म्हणून नानांनी. पुन्हा भांडण. वारा आमचंच वाजवणं आमच्या तोंडावर आणून मारत होता.

आरती संपली. पलीकडं नाव जागची हलली नाही. निशाण खालीच.

घाटावर कुजबुज उठली. भाऊसाहेबांनी शांतपणे खिशातून फोन काढला. “झालं ना, जयवंत? मी केला प्रयत्न.” त्यांचा आवाज वाईट नव्हता, उलट कीव होती त्यात. तीच जास्त लागली.

मी ताईंकडं बघितलं. काही सांगतील असं वाटलं. त्या मात्र होत्या त्या जागेवरून मागं सरायला लागल्या. एकेक पायरी वर. गर्दीतून वाट काढत घाटाच्या अगदी वरच्या, शेवटच्या पायरीवर गेल्या आणि तिथं खाली बसल्या. पदर डोक्यावरून घेतला, गुडघ्यांना हातांची मिठी घातली आणि मान किंचित पुढं केली. ऐकायला बसल्यासारखी.

माझी आई अशीच बसायची. तंतोतंत अशीच.

माझे हात आपोआप कमरेला गेले. बक्कल सोडलं, पट्टा घाटाच्या दगडावर ठेवला. शेजारी नानांनी बघितलं. “आरं, पोराबाळांत...” म्हणाले, आणि मग, “जाऊ दे तिच्या मारी,” म्हणून त्यांनीही सोडला. खण्ण करून वाघ दगडावर आपटला. मग विलास. मग सगळेच. पोरं फिदीफिदी हसली. हसू देत.

“नाना, सूर द्या. हळू.”

नानांनी तो खालचा सूर धरला. आम्ही गोल केला, मंडपातल्यासारखा. एकेक जण त्या सुरात शिरला. पाहुण्याची नोट पुन्हा वर आली, पण विलासनं डोळेच मिटले होते. सासूकडं बघत होता बहुधा. घाई केली नाही. आरती आम्ही नेहमीच्या निम्म्या लयीत काढली, ताई पद गातात तशी, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देत. माझा आवाज मला ऐकू येईना. आधी भीती वाटली, मग बरं वाटलं. मी नदीकडं तोंड करून वाजवत होतो, पण ऐकवत होतो मागं, पायरीवर बसलेल्या माणसाला.

दुसरं कडवं संपत आलं तेव्हा बायकांतून हुंकार उठला. मी डोळे उघडले. पलीकडं, पाण्यावरच्या चकाकीत, भगवा ठिपका वर चढत होता.

“सुटली! नाव सुटली!”

आम्ही थांबलो नाही. नाव मध्यावर येईपर्यंत, काठाला लागेपर्यंत तेच वाजवत राहिलो. भाऊसाहेबांचा फोन कानालाच होता, पण हाताला त्याचं भान नव्हतं. मग त्यांनी तो खिशात टाकला आणि धाकटीच्या नावेपुढं गाव लवतं तसे लवले.

धाकटी आई पालखीत बसल्यावर मी पांडबाला गाठलं. “पांडबाकाका, पहिल्यांदा ऐकू न्हाई आलं?”

“काय तरी येत हुतं. वाऱ्यावर तुकडं तुकडं. मागनं ह्यो फोन बोंबलाय लागला.” त्यानं धोतराच्या सोग्यात बांधलेला फोन दाखवला. “म्या म्हटलं, फोनला का आई न्यायची हाय? बोंबल लेका.”

“आणि दुसऱ्यांदा?”

पांडबानं वल्हं खांद्यावर टाकलं, विचार केला. “आता बघ, मोटा न्हवता आवाज. पर जवळ हुता. मागं कुनी येऊन हुबं ऱ्हायल्यागत. म्या वळून बी बघितलं.”

भाऊसाहेबांनी मिरवणुकीत मला नारळ दिला. एवढंच म्हणाले, “बेंजोवाल्यांना कळवतो, नको म्हणून.” पुढं जाऊन पुन्हा वळले. “पण जयवंत, ते पट्टे उचला की. लोक तुडवतायत.”

पालखी देवळात गेल्यावर मी ताईंना शोधलं. घाटावरच्या गर्दीनं त्या दमल्या होत्या. देवळाच्या पायरीवर टेकल्या होत्या, त्याच, बाहेरच्या शेवटच्या. मी पाया पडलो आणि विचारलं, “ताई, घाटावर तुम्ही असं का बसला?”

त्यांनी हातानं पायरीचा दगड पुसला.

“मी पहिल्यांदा इथं उभी राहिले तेव्हा वीस वर्षांची होते. बाबांच्या हाताखाली शिकलेली, पण एकटीनं पहिलंच कीर्तन. पुढं बसलेली मंडळी जांभया देत होती, कुणी शेताच्या गोष्टी बोलत होतं. आवाज बसला माझा. आता संपलंच, असं वाटलं, आणि नजर बाहेर गेली. इथं, या पायरीवर, एक बाई बसली होती. पदर डोक्यावर, मान पुढं. ओठ हलत होते. माझं पोचत नव्हतं तिला, आणि ती ओठांवरून ओळखायला बघत होती. एवढ्या लांबून!” त्या थांबल्या. “तिला आत ये म्हणायची माझी टाप नव्हती रे तेव्हा. गावानं मला खाली बसवलं असतं. आवाज तेवढा बाहेर पाठवता येत होता. मग मी बाकी सगळ्यांना सोडलं आणि तिलाच सांगायला लागले.”

मी तिथंच जमिनीवर टेकलो.

“कीर्तन झाल्यावर मी मुद्दाम बाहेर आले. विचारलं, बाई, ऐकू आलं का? तर म्हणाली, ‘एक सबूद बी सांडला न्हाई, माय.’ त्यानंतर चाळीस वर्षं मी तिलाच सांगतेय. ती गेली तरी पायरी आहेच ना.”

आईच्या कानांचं गल्लीला नवल होतं. मांजराचे कान म्हणायचा बाप. कान कुठले आलेत, तिच्यासाठी तर कुणी तरी जन्मभर एकेक शब्द मुद्दाम पायरीपर्यंत आणून ठेवत होतं. आणि ती ते पदरात भरून घरी आणायची, चुलीपुढं माझ्या ताटात वाढायची.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. देऊळ गच्च भरलं होतं. विलासनं आत माझ्यासाठी जागा धरली होती, पुढं, खांबाला टेकून. हातवारे करून बोलावत होता. मी हातानंच नको म्हटलं आणि शेवटच्या पायरीवर बसलो. आईच्या जागेवर. दगड तिथं किंचित खोलगट झालाय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ताई उभ्या राहिल्या. माईक बाजूला केला. कमरेशी पदर सैल केला आणि नेहमीसारखी नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून पार बाहेर टाकली. पायरीवर मी दिसलो तशा क्षणभर थबकल्या. मग झांज वाजली.

कृष्णाच्या गोकुळातल्या गोष्टी होत्या. पूर्वी चुलीपुढं ऐकलेल्या, त्याच क्रमानं, त्याच चालींवर.

काला वाटता वाटता ताई बाहेर आल्या. माझ्या ओंजळीत लाह्या आणि दह्याचा गोळा ठेवला आणि हळूच विचारलं, “ऐकू आलं का?”

मी काला तोंडात टाकला, हात कपाळाला लावला.

“एक सबूद बी सांडला न्हाई, माय.”